दुकान नंबर तीनचा कॉन्सेप्ट

आमच्या ऑफिसने दोन वर्षांत तीन वेळा जागा बदलली. प्रत्येक शिफ्टिंगमध्ये काहीतरी हरवतं. पहिल्यांदा पंचिंग मशीन गेलं, दुसऱ्यांदा माझी चांगली खुर्ची, तिसऱ्यांदा किल्ल्यांचा अख्खा बोर्ड. किस्से मात्र एकही हरवत नाही. नव्या जागेत पोचेपर्यंत उलट दोन-चार वाढलेले असतात. मी पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर सांगायला लागले की त्या विचारतात, "अगं, पण तू तिथे नक्की काम काय करतेस?"

काम सांगते. दुबईत देरा नावाचा जुना भाग आहे. सोन्याचा बाजार, खाडीवर लाकडी जहाजं, आणि मधल्या गल्ल्यांमध्ये म्हाताऱ्या बिल्डिंगा. त्यातला एक पट्टा आमच्या कंपनीने रीडेव्हलपमेंटला घेतलाय. जुनं पाडायचं, नवं बांधायचं, नव्यात नवी दुकानं आणायची. मी लीजिंगमध्ये आहे. म्हणजे एका हाताने जुन्या भाडेकरूंना निरोप द्यायचा आणि दुसऱ्या हाताने नव्यांना वेलकम ड्रिंक. दिवसभर मी एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही.

माझा बॉस रामी, लेबनानी. सगळ्यांना हबीबी म्हणतो, ओरडतानासुद्धा. साइट सांभाळतो तो उस्मान, सुदानचा, वीस वर्षं इथे काढलेला. बॉसशी अरबी, माझ्याशी हिंदी. आणि भाडेकरूंमध्ये हमीदभाई. रायगडातले, म्हसळ्याकडचे. आमचं सध्याचं ऑफिस ज्या जुन्या बिल्डिंगमध्ये वर आहे, तिच्याच तळमजल्यावर दुकान नंबर तीन. अरब लोक घालतात तो पायघोळ पांढरा कंदुरा शिवतात. तीस वर्षं त्याच दुकानात.

हमीदभाईंचं मागणं एकच होतं. त्यांची मुलगी आफरीन इथल्याच शाळेत बारावीला आहे, मार्चमध्ये बोर्ड. "मॅडम, मार्चपर्यंत राहू द्या. मग मीच कुलूप लावून चावी तुमच्या हातात देतो." आणि बिल्डिंग रिकामी करायची तारीख होती ऑक्टोबरअखेर.

बाहेरच्याला वाटेल, पाच महिन्यांसाठी दुसरं दुकान घ्यावं. पण इथे लायसन्स पत्त्यावर असतं. पत्ता गेला की लायसन्स जातं, लायसन्स गेलं की व्हिसा, आणि बापाचा गेला की मुलीचाही. हमीदभाई शहराच्या पार टोकाला इंटरनॅशनल सिटीपर्यंत दुकानं बघून आले. वर्षाला ऐंशी हजार दिरहॅम, म्हणजे जवळजवळ एकोणीस लाख रुपये. "मॅडम, एवढ्यात म्हसळ्यात मी दुकान नाही, गल्ली घेईन," म्हणाले.

*

रामीला नव्या दुकानदारांकडून भाड्याच्या आधी एक गोष्ट लागते. कॉन्सेप्ट. अर्ज घेऊन कोणी आलं की तो खुर्चीत मागे रेलतो आणि विचारतो, "हबीबी, तुझी स्टोरी काय?"

हे बाजारात पसरलं. मग जो येईल तो आजी घेऊन यायला लागला. कॉफीवाल्याची आजी डोंगरात कॉफी भाजायची. अत्तरवालीची आजी गुलाब वाटायची. एक बर्गरवाला आला, बावीस वर्षांचा, टोपी उलटी घातलेला. त्याची आजीसुद्धा म्हणे बर्गर करायची.

एका आठवड्यात सात आज्या झाल्या. उस्मान कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. शेवटचा माणूस गेल्यावर मला म्हणाला, "मॅडम, इस बिल्डिंग में बीस साल से सिर्फ बॅचलर रहता है. इतना दादी लोग किधर से आया?"

*

पट्ट्याचा पहिला तुकडा पाडून बांधलेला नवा ब्लॉक आधीच सुरू झालाय, त्यात कोपऱ्यातला गाळा सगळ्यात महाग. तिथे पहिल्यांदा माचा चहा आला. हिरवी भिंत, हिरवे कप, हिरवे ॲप्रन. चार महिन्यांत गेला. मग फ्रोझन योगर्ट आलं. सगळं गुलाबी. तेही गेलं. मग मांजरांना आंघोळ घालणारे आले.

तिन्ही वेळा फिटिंगला इलेक्ट्रिशियन एकच होता, केरळचा. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, "या वेळेला जरा चांगलं काम कर." तो शिडीवरूनच म्हणाला, "मॅडम, चांगलं केलं तर काढायला त्रास होतो."

मी हसले, पण घरी जाताना तेच डोक्यात फिरत राहिलं. आठ वर्षांत मी पाच फ्लॅट बदलले. भिंतीत खिळा ठोकणं मी कधीच सोडून दिलंय, सगळ्या फ्रेम जमिनीवर भिंतीला टेकून उभ्या असतात.

*

नाशिकचं एक जोडपं आलं, शिंदे. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडून मिसळीचं दुकान काढायचं ठरवलं. रामीला मिसळ कळेना, पण त्याला रंग आवडला. म्हणाला, "हे लाल तेल फोटोत फार छान दिसेल." जागा मिळाली.

मग लायसन्सचे कागद. इथे बोर्डावर अरबीत नाव लागतंच. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने शिंद्यांना विचारलं, "नाम क्या?" शिंदे म्हणाले, "मिसळ." त्या बिचाऱ्याला 'ळ' कुठून येणार? त्याने 'मिसाल' ऐकलं. मिसाल म्हणजे उदाहरण. त्याने उदाहरणाला अरबीत जो शब्द आहे तो टाइप केला. बोर्डवाल्याने त्या अरबी शब्दाचं इंग्लिश केलं.

बोर्ड लागला तेव्हा आम्ही सगळे फुटपाथवर उभे होतो. वर झगझगीत अक्षरांत: एक्झाम्पल रेस्टॉरंट.

शिंदे मटकन पायरीवर बसले. नाव बदलायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, उद्घाटन दोन दिवसांवर. शिंदेबाई कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बोर्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. मेन्यू कार्ड त्याप्रमाणे छापू."

आज तिथे शुक्रवारी रांग असते. पोरंटोरं काउंटरवर येऊन सांगतात, "वन मीडियम एक्झाम्पल, वन स्पायसी एक्झाम्पल, एक्स्ट्रा पाव."

*

माझा मुलगा अर्णव चौथीत आहे. मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देतो. त्यांच्या शाळेत आई-बाबा काय काम करतात यावर बोलायचं होतं. टीचरने व्हिडिओ पाठवला.

नवरा एसी इंजिनियर आहे. अर्णव म्हणाला, "माय डॅड मेक्स बिल्डिंग्ज कोल्ड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "माय मॉम मेक्स पीपल लीव्ह."

त्यालाही टाळ्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "असं का रे सांगितलंस?"

"बट मम्मा, दॅट्स लिटरली व्हॉट यू डू."

ऑफिसमध्ये मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला आणि सगळ्यांबरोबर हसले. पण खरं सांगते, मला ते लागलं होतं.

*

बहुतेक त्याच रागात मी दुसऱ्या दिवशी हमीदभाईंचा अर्ज तयार केला. नव्या ब्लॉकमध्ये एक छोटा गाळा होता, जिन्याशेजारी, कोणी घेत नव्हतं. अर्जावर मी 'टेलर' हा शब्द कुठेच येऊ दिला नाही. लिहिलं: 'बिस्पोक कंदुरा अटेलिए. तीन दशकांची हस्तकला. स्लो फॅशन.' आजी घालायचा मोह झाला होता, पण हमीदभाई खोटं बोलायला तयार होईनात.

रामी वाचून उभाच राहिला. "हे! हेच पाहिजे मला! कोण आहे हा माणूस? पॅरिसचा आहे का?"

म्हटलं, "इथेच असतो. भेटायला चला."

आम्ही तळमजल्यावर गेलो. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, समोर अर्धवट बाही. रामीने माझ्याकडे पाहिलं.

"पण हा तर हमीद आहे."

"हो."

"हबीबी, हमीद कॉन्सेप्ट नाहीये. हमीद टेलर आहे."

खलास. अर्ज परत. हमीदभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि रामीसाठी चहा मागवला. मला तिथे उभं राहवेना.

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या कॉफीवाल्याची डिझायनर आली. तिला कॅफेत 'जुन्या देराचा फील' हवा होता. सगळी बिल्डिंग फिरली आणि हमीदभाईंच्या दुकानात अडकली. त्यांचा रंग उडालेला बोर्ड, पायाने चालवायचं शिलाई मशीन, मोठी लोखंडी कात्री, कापड मोजायची लाकडी पट्टी, सगळ्याचे फोटो काढले. म्हणाली, "मी हे सगळं विकत घेते. भिंतीवर लावणार. किती ऑथेंटिक आहे!"

मी भाषांतर करत होते. हमीदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन चालेल, कात्री चालेल, बोर्ड चालेल?"

"हो."

"मी पन तितकाच जुना आहे. मार्चपर्यंत मला पन लटकवा म्हणावं भिंतीवर."

हे वाक्य मी भाषांतर केलं नाही. आफरीन मागे फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसली होती, तिने केलं. डिझायनर पर्स उचलून निघून गेली.

*

आता गेल्या महिन्यातला.

ऑक्टोबरअखेर सहा आठवड्यांवर आली होती. आमचं ऑफिस सोडलं तर वरचे दोन्ही मजले मोकळे झाले होते. हमीदभाईंनी कापडाचे तागे खोक्यांत भरायला घेतले होते आणि बायको-मुलीची मुंबईची तिकिटं बघत होते. बारावीच्या मध्यात तिकडची शाळा आफरीनला घेणार की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी मी तिसऱ्या दुकानासमोरून मान वळवून जायचे.

पाडकामाआधीची शेवटची मीटिंग होती. लीगलमध्ये मरियम नावाची नवी मुलगी आली होती, प्रत्येक कागद उलटून बघणारी. नियम असा की बिल्डिंग पाडायची तर प्रत्येक भाडेकरूला त्याच्या नावाने बारा महिने आधी नोटीस द्यावी लागते. मरियम एकेक नंबर घेत होती, नोटिशीची कॉपी बघत होती, टिक करत होती. एक, टिक. दोन, टिक.

"तीनची कॉपी कुठे आहे?"

रामी म्हणाला, "असेल. सगळ्यांना गेलीय."

"तीनला गेलेली नाही. भाडेकरूंच्या सर्व्हेच्या फॉर्मवर दुकान रिकामं दाखवलंय. रिकाम्या दुकानाला नोटीस कोण पाठवेल?"

"रिकामं? रोज सकाळी तो मला सलाम करतो!"

अकाउंट्सला हमीदभाईंचं भाडं मिळत होतं, लीगलला दुकान रिकामं दिसत होतं, आणि ही दोन डिपार्टमेंट्स एकमेकांना कधी काही विचारत नाहीत. मेन गेटवर चिकटवलेली नोटीस हमीदभाईंनी वाचली आणि तीच आपल्यालाही लागू, असं धरून चालले.

मरियमने पेन बंद केलं. "मग नोटीस आज द्यायची. आजपासून बारा महिने. तोपर्यंत त्या माणसाला हलवता येणार नाही."

मी टेबलाखाली बोटांवर महिने मोजले. मार्च त्यात आरामात बसत होता.

रामी लालबुंद झाला. "सर्व्हे कोणी केला होता?"

उस्मान उभा राहिला. तो रामीशी अरबीत बोलतो, आणि अरबी मला चार शब्दांपलीकडे येत नाही. पण त्याने माझ्याकडे बोट केलं आणि माझं वाक्य जसंच्या तसं, माझ्याच सुरात, हिंदीत म्हणून दाखवलं.

तेव्हा मला तो दिवस आठवला. वर्षापूर्वीचा भर उन्हाळा, लिफ्ट बंद, आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर घामाघूम. अर्णवला ताप आलाय म्हणून शाळेतून आलेला फोन माझ्या कानाला. उस्मान फॉर्म घेऊन एकेक नंबर विचारतोय. "मॅडम, तीन नंबर?" आणि मी फोनवर हात ठेवून, जिन्याकडे बोट दाखवून, पुण्याच्या हिंदीत सांगितलं होतं, "तीन नंबर खाली है."

त्या वाक्यातला रामीला एकच शब्द कळला, 'खाली'. रिकाम्याला अरबीतही तोच शब्द आहे.

मीटिंग संपल्यावर मी दोन-दोन पायऱ्या उतरत दुकानात गेले. नोटीस हमीदभाईंच्या हातात दिली, तारीख दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. आफरीन पुस्तकात तोंड खुपसून हसत होती. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले, खोक्यावरची चिकटपट्टी फाडली आणि म्हणाले, "मॅडम, एक ऐका. तुमचं हिंदी सुधारू नका. निदान मार्चपर्यंत."