त्यांचा ‘हाव’, आमचा ‘हाव’

नगाऱ्याच्या त्या एका ठोक्याचा नाद अजून माझ्या छातीत घुमतो आहे, आणि त्याच्याबरोबर माझा संतापही. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली ही शरदाची सोनेरी, संथ सकाळ. अंगणात मेपलची आरक्त पानं निःशब्द उतरताहेत. अशा वेळी माणसाने शांत व्हायला नको का? मला नाही होता येत!

काल संध्याकाळी माझ्या शेजारणीने, मेईने, एक प्राचीन चिनी संगीत नाटक केलं. कथा एवढीच: नवऱ्यावर खोटा आळ येतो आणि त्याची बायको न्यायाधिकाऱ्याच्या दारातला नगारा वाजवायला निघते. तो वाजला की फिर्याद ऐकावीच लागते. द्वारपाल अडवतात, नातलग विनवतात, पाय थकतात. सारं नाटक म्हणजे त्या नगाऱ्यापर्यंतची वाट. राजवटी लयाला गेल्या, रंगमंच बदलले, माणसं समुद्र ओलांडून इथे आली, तरी प्रत्येक पिढीत ही बाई नव्याने का चालू लागते? कारण खोटा आळ घेणारे अजून संपलेले नाहीत!

तालमी मेईच्या गॅरेजमध्ये चालत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिची तान संपताच मागे बसलेले चिनी म्हातारे गरजले, “हाव!” मी नागपूरची; आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे ‘हो’. मला वाटलं, ती विचारते आहे, न्याय मिळेल ना, आणि ही मंडळी तिला हो म्हणताहेत. मीही गळा मोकळा सोडून “हाव!” म्हटलं. मग कळलं, त्यांचा ‘हाव’ म्हणजे ‘वाहवा’. माझा अर्थ ऐकून मेई पोट धरून हसली. “आय लाइक युवर हाव बेटर,” म्हणाली. मग गुडघे चोळत हळूच म्हणाली, “धिस इज माय लास्ट टाइम. माय नीज वोन्ट डू अनदर.”

काल आमच्या मराठी मंडळाच्या ‘शेजारसंध्ये’त तिला पूर्ण नाटकाची वेळ कबूल केलेली होती. ते जेमतेम अर्ध्यावर आलं, तोच अध्यक्ष समीर विंगेत येऊन माझ्या कानाशी लागला. “ताई, त्यांना रॅप अप करायला सांगा ना. ऑडियन्स बोअर होतंय यार. कॉस्च्युम्स दिसले, पंखे दिसले, हायलाइट्स झाले.”

“अरे, ती अजून नगाऱ्यापर्यंत पोचलीच नाही!”

“कुठला नगारा?” त्याने विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या डोक्यावरच ‘संस्कृती जपू या’ असा फलक लटकत होता. काय जपणार आहोत आपण, कपाळ? आपलं स्वतःचं संगीत नाटकही आपण असंच कापत कापत दोन पदं आणि नऊवारीतल्या फोटोंपुरतं उरवलं. आता दुसऱ्यांच्या नाटकालाही कात्री लावायला निघालो. जे शेवटापर्यंत बघण्याचा धीर नाही, त्याचा अभिमान तरी कशाला मिरवायचा!

तेवढ्यात प्रेक्षागृहातले दिवे लागले, हिंदी गाण्याचा ठेका सुरू झाला, आणि तिच्या सहकाऱ्यांनी मधला सगळा भाग सोडून मेईला घाईघाईने नगाऱ्यापाशी वाट करून दिली. तिने टिपरू उगारलं. हात मात्र हवेतच राहिला. प्रेक्षक उठून समोशांकडे निघाले होते; फिर्याद ऐकायला होतं कोण?

मी विंगेतून बेंबीच्या देठापासून ओरडले, “हाव!” ती वाहवा नव्हती. मागून म्हातारे उठले, “हाव!” मेईने माझ्याकडे पाहिलं आणि घाव घातला. समोशांची रांग जागच्या जागी थांबली. गाणं कुणी बंद केलं, मला माहीत नाही. समीर नंतर एवढंच म्हणाला, “शेड्यूलचा पार बोऱ्या वाजला, ताई.”

आज मेई पोर्चवर गुडघ्यांना बर्फ लावून बसली आहे. मघाशी चहा घेऊन गेले, तर तिने विचारलं, “विल एनीवन वॉक ऑल द वे टू दॅट ड्रम अगेन?”

मला काय ठाऊक! पण मी रागारागानेच म्हणाले, “हाव.”

या वेळी ती हसली नाही. तो नागपूरचा होता, हे तिला कळलं होतं.