पांढरा डबा

मंगरूळपीरच्या बाजारात मेथीची जुडी मुळासकट लागते, म्हणून आमच्याकडे मेथी कापत नाहीत, उपटतात. तशीच उपटताना आईच्या तळहाताला काहीतरी टोचलं. बाभळीचा काटा समजून तिने रक्त चोखलं, थुंकलं आणि पुन्हा वाफ्यात वाकली. मी माती चाळवली तर इंजेक्शनची सुई निघाली. मी ती चिंधीत गुंडाळून घेतली.

त्या साली शेणखत पुरलं नव्हतं, म्हणून गावाच्या उकिरड्यावरचं कुजलेलं खत आम्ही ट्रॉलीने आणून टाकलं होतं. गावातल्या दवाखान्याचा कचराही त्याच उकिरड्यावर जातो. सुई आली ती तिथूनच.

आईला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सुई पाहिली आणि मान हलवली. ती आधी कोणाला टोचली होती, त्याला कावीळ होती की एड्स, हे कळायला मार्ग नाही म्हणाले. आज रक्त तपासू, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर धीर धरा. धीर धरा म्हणे! यांच्या आईला टोचली असती तर?

सिस्टरने आईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्या इंजेक्शनची सुई माझ्या डोळ्यांदेखत टेबलाखालच्या बादलीत टाकली. बादलीत चहाचे कागदी कप आणि केळीची सालं होती. फळीवर मात्र सुया टाकायचा पांढरा डबा होता, लख्ख पुसलेला, रिकामा.

"तो डबा कायले ठेवला मंग?" मी विचारलं.

"तपासणीले लागते ना ताई. भरला का नवा लवकर भेटत नाई. साहेब येतात तवा काढतो खाली."

माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. सगळा दवाखाना गोळा झाला. डॉक्टर आतून म्हणाले, "हळू बोला, पेशंट आहेत." आणि माझी आई कोण होती?

मधल्या महिन्यांत आईने आपलं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. असं जेवण्याखाण्याने पसरत नाही, हे सांगून मी थकले. माझी लेक, तिची नात, रांगत जवळ आली की ती हात मागे घ्यायची. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसायची, आणि ते पाहून मला रोज नव्याने संताप यायचा.

दुसऱ्या तपासणीला रक्त काढून झालं. सिस्टरचा हात बादलीकडे गेला आणि आई, जी कधी कोणाला उलटून बोलली नाही, ती स्टुलावर ठाण मांडून बसली.

"मी उठत नाई बाई. पयले ते सुई त्या डब्यात टाक."

सिस्टर हसली. मागे रांग वाढली, लोक कुरकुरू लागले, तरी आई हलली नाही. शेवटी डबा खाली आला आणि सुई आत पडली.

रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी आईने नातीला उचललं ते झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

पुढे लेकीला लसीचा डोस द्यायला मी तिथे गेले. डबा फळीवरच होता, पुसलेला. मी तो उचलून कानाशी हलवला. काहीच वाजलं नाही. आईची एवढी एक सुईसुद्धा त्यांनी काढून टाकली होती, आणि घरी आई वाफ्यात मेथी उपटत होती.