माठाशेजारचा फोन

मागच्या उन्हाळ्यात साऱ्या वऱ्हाडात स्वतःचा फोन असून ज्याला फोन करता येत नाही असा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा व्याही होता. फोन हरवला नव्हता की बिघडला नव्हता. चार्जिंग तर कायम भरलेलं. पण अमरावतीला बडनेरा रोडवरच्या त्यांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या माठाशेजारी, पालथ्या घातलेल्या स्टीलच्या वाटीवर तो फोन बसलेला असे आणि तिथून साऱ्या घराला नेट पुरवत असे. माठाशेजारीच का, तर त्या घरात रेंज म्हणून जी काय येते ती त्याच कोपऱ्यात येते, तीही फक्त व्याह्यांच्या एकट्याच्या सिमला. शिवाय एप्रिल-मेच्या अमरावतीत दिवसभर नेट वाटून वाटून तो बिचारा इतका तापायचा की त्यावर पापड भाजून निघाला असता. माठाचा गारवा त्याला मानवला. आमच्या विहीणबाई पाण्यासाठी ओगराळं बुडवायला गेल्या की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "हळू घे वं, फोनले धक्का नको लागू देऊ." चाळीस वर्षांच्या संसारात आपल्याला धक्का लागू देऊ नका असं कधी कोणी म्हटलं नाही, हे विहीणबाईंनी मला तीनदा ऐकवलं आहे.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला तेव्हा. जेसीबीने माती उपसली, मातीबरोबर नेटची तारही उपसली. तारवाला आला, खड्ड्यात डोकावला, "उद्या जोडून देतो" म्हणाला, आणि पुढचे दोन महिने तो रोज तेवढ्याच आनंदाने "उद्या" म्हणत राहिला. आता कोणाचं नेट गेलं तर काय बिघडतं असं मीही म्हटलं असतं, पण माझी पोरगी त्या घरची सून, आणि ती पुण्याच्या एका कंपनीचं काम अमरावतीत घरी बसून करते. कंपनीवाल्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की नेट नीट असेल तोवर घरून करा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. ती पुण्याला जाणार म्हणजे तिची पाच वर्षांची मिनूही जाणार. आणि मिनू जाणार म्हणजे व्याह्यांच्या घरात काय उरणार, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त खिशातला फोन काढून माझ्या जावयाच्या, म्हणजे त्यांच्या पोराच्या, हातात ठेवून म्हणाले, "ह्याचं नेट साऱ्या घराले देता येते म्हनते. देऊन टाक." पहिला आठवडाभर सगळ्यांचे फोन थेट ह्या फोनलाच जोडले. मग जावयाने एक छोटा डबा आणला. मोबाइलचा हॉटस्पॉट तो डबा पकडतो आणि घरभर वाढतो. झालं, व्याह्यांचा फोन घराचा झाला.

फोन दिला खरा, पण कारभार दिला नाही. माणूस रेल्वेतला. एका आडगावच्या स्टेशनवर तीस वर्षं केबिनमध्ये काढली, बडनेऱ्याहून रिटायर झाले. आजही घरात कोणी न्हाणीत गेलं तर हे विचारतात, "लाइन केव्हा मोकळी होते?" नेटचं पाहिल्याबरोबर त्यांनी निदान करून टाकलं, की ही सिंगल लाइन आहे. एका मोबाइलवर सून मीटिंग करून राहिली, मिनू कार्टून पाहून राहिली आणि विहीणबाई सिरियल लावून राहिल्या तर टक्कर होणारच. सिंगल लाइनवर टक्कर टाळायची असेल तर टोकन लागतं. जुन्या काळी स्टेशनमास्तर चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला मोठ्या कड्यात अडकवलेला एक धातूचा गोळा द्यायचा, ड्रायव्हर हात बाहेर काढून ते कडं दंडात झेलायचा. गोळा ज्याच्यापाशी, लाइन त्याची. पुढच्या स्टेशनात तो गोळा जमा होईपर्यंत दुसरी गाडी सोडायची नाही, मग ती मंत्र्याची असो. घरात गोळा नव्हता. त्यांच्या आईचं पितळी चुनाळू होतं, पान खाण्याच्या चुन्याची ती गोल डबी, लिंबाएवढी. ते फडताळातून निघालं आणि माठावरच्या खिळ्याला कापडी कड्यात लटकलं. ज्याला नेट पाहिजे त्याने चुनाळू घ्यायचं, काम झालं की जागेवर आणून टांगायचं. हातात चुनाळू नसेल तर व्याही डब्याचं बटण बंद करून शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसत.

विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी बंड केलं. सिरियलमधली सासू जिन्यावरून पडत होती, ती अर्ध्यातच थांबली. "काहून बंद केलं?" त्या ओरडल्या. व्याही चष्म्यावरून पाहत म्हणाले, "टोकन कुटं हाय?" "अवो, थे बाई पडून राहिली ना तिथं." "पडू दे. बिना टोकनची पडली थे." ती सासू दुसऱ्या दिवशी चार वाजता, रीतसर चुनाळू घेऊन, खाली पोचली. मिनूला मात्र नियम जड गेला नाही. तिला तो खेळच वाटला. तिच्या जेवणाचीही आगगाडीच होती म्हणा. घास तोंडापाशी आणायचा, आजोबाने हात आडवा धरलेला असला की तोंड बंद, आजोबाने हात खाली पाडला की सिग्नल पडला, तोंड उघड. एका पोळीला चाळीस सिग्नल. पोरीने दुसऱ्या कोणाच्या हातचं खाणं सोडलं होतं, कारण दुसऱ्या कोणाला सिग्नल पाडता येत नव्हता.

ह्यात एक अडचण होती, ती सांगते, कारण पुढचं सारं तिच्यावरच आहे. फोन जुना. त्यावर कोणाचा कॉल आला की नेट थांबायचं. उचला किंवा कापा, तेवढ्यापुरतं घर कोरडं. म्हणून व्याह्यांनी झाडून साऱ्या नातेवाइकांना निरोप धाडला की मले फोन करू नका. कारण सांगितलं नाही. लोकांना वाटलं, रुसले. बार्शीटाकळीहून त्यांचे मोठे भाऊ, सत्तरी उलटलेले, दोन एसटी बदलून आले. मुलाच्या पोरीचं लग्न जुळलं एवढं सांगायचं होतं. सांगितलं, चहा घेतला. "फोन काहून नाई उचलत बे?" त्यांनी विचारलं. "माठापाशी ड्युटीवर हाय," व्याही म्हणाले. भाऊ थोडा वेळ माठाकडे पाहत राहिले आणि पुढच्या गाडीने परत गेले. जाताना माझ्या विहीणबाईंना हळूच म्हणाले, "ह्याले उन्हात फिरू देऊ नको."

मे संपत आला तेव्हा कंपनीने पोरीला कळवलं, सोमवारी साडेअकरा वाजता पुण्याचे साहेबलोक तिचं काम पाहणार, तासभर. त्या तासात नेट टिकलं तर अमरावती कायम, नाही टिकलं तर जूनपासून पुणे. मी रविवारीच अकोल्याहून जाऊन राहिले. घरात परीक्षेसारखं वातावरण. व्याह्यांनी माठाखालची तिवई बदलली, फोनचं कव्हर काढलं, वाटी घासून घेतली. सोमवारी सकाळी मला परत निघायचं होतं. निघण्याआधी, सगळे कामात बघून, मी चुनाळू घेऊन दहा मिनिटं माझ्या फोनवर अकोल्याच्या भिशीच्या बायकांचे फोटो पाहिले. नियमाने घेतलं होतं, चोरून नाही. मग पिशवी उचलली, सगळ्यांना भेटले, ऑटोने बडनेरा गाठलं आणि पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली म्हणून खूश होऊन बसले.

आता माझं असं आहे की मी पान खाते. पस्तीस वर्षांपासून माझ्या पिशवीत पानाची पानं, कात, सुपारी आणि चुनाळू असतं. चुनाळू दिसलं की माझा हात त्याला पिशवीत टाकतो, मला विचारत नाही. मूर्तिजापूर सोडलं, पान जुळवायला पिशवीत हात घातला आणि दोन चुनाळू निघाले.

एक माझं, दुसरं माठावरचं. घड्याळात पावणेबारा. मला डोळ्यासमोर दिसलं, पोरगी कॉम्प्युटरपुढे बसली आहे, पुण्याचे साहेब वाट पाहून राहिले, आणि आमचे व्याही बटण बंद करून वर्तमानपत्र वाचत आहेत. स्वतःच्या बायकोची सासू ज्यांनी जिन्यात एक दिवस लटकवून ठेवली ते सुनेसाठी नियम मोडतील? पोरीला फोन लावला, पण तिच्या सिमला त्या घरात रेंजच नाही. जावई कामावर. विहीणबाईंचा फोन नेहमीप्रमाणे बंद पडलेला. मग मी विचार केला, आणि अगदी शांत डोक्याने केला बरं का, की नेट तर बंदच असणार, मग व्याह्यांना फोन केल्याने काय बिघडतं? लावला. त्यांनी कापला. रागावले, मी म्हटलं. पुन्हा लावला. पुन्हा कापला. समोरची बाई म्हणाली, "आजी, नाही उचलत तर राहू द्या ना." मी म्हटलं, "तुले नाई समजत, माह्या पोरीच्या नोकरीचा सवाल हाय." बोरगाव येईपर्यंत मी सात वेळा फोन लावला.

तिकडे काय झालं होतं ते मला संध्याकाळी कळलं. चुनाळू जागेवर नाही हे व्याह्यांना सव्वाअकरालाच दिसलं होतं. त्यांनी घर पालथं घातलं नाही, कोणाला बोलले नाहीत. वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, "टोकन गहाळ. सूनबाईस कागदी परवान्यावर लाइन दिली," खाली सही, वेळ. रेल्वेत तशी सोय असते म्हणे. तो कागद सुनेपुढे ठेवून ते माठाजवळ स्टूल टाकून पहारा देत बसले. पहिला पाव तास सारं छान चाललं. मग माझा पहिला फोन आला. साहेब बोलता बोलता गोठले. नेट परत येतं न येतं तोच दुसरा आला. व्याही कापत होते, मी लावत होते. सातव्या वेळेला साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही पुण्यालाच या.

आठवड्याने मी चुनाळू घेऊन अमरावतीला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते घोकलं होतं. व्याह्यांनी पाणी दिलं. माठ तिथेच होता, वाटी तिथेच, फोनही. मी म्हटलं, "चूक माहीच हाय. टोकनही मीच नेलं न् फोनही मीच केले."

त्यांनी माझ्या हातातलं चुनाळू घेतलं, माठावरच्या खिळ्याला टांगलं. मग म्हणाले, "टोकन नेलं थे चूक. पन फोन केले थे ड्युटी झाली, इहीणबाई. टोकन चुकीच्या जागी गेलं तं पयले खबर द्या लागते. तसं लिहेल हाय पुस्तकात."

"मंग आता दोष कोनाचा?"

"सिंगल लाइनचा," ते म्हणाले, आणि मिनूला जेवायला हाक मारली.

जूनमध्ये ती तिघं गेली. जावयाने तिकडेच काम पाहिलं. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तारवाला आला आणि ह्या वेळी खरंच तार जोडून गेला. डबा तारेला लागला, विहीणबाईंची सासू आता वाटेल तेव्हा जिन्यावरून पडू शकते. पण व्याह्यांनी हॉटस्पॉट बंद केला नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की तो सुरू करायचा, फोन वाटीवर ठेवायचा. मधूनमधून उठून पाहायचं. स्क्रीनवर लिहिलेलं असतं, किती जण जोडलेले. शून्य असतं. विहीणबाई म्हणाल्या, "आता कोनासाठी हो?" तर म्हणाले, "सिग्नलचा दिवा गाडी नसली तरी लावाच लागते."

दिवाळीला मीही तिथेच होते. ते माठापाशी उभे होते, अचानक म्हणाले, "दोन." आम्ही काही विचारायच्या आत चप्पल न घालता फाटकाकडे गेले. तिथे ऑटो थांबत होता. पोरीचा आणि जावयाचा फोन फाटकापाशी येताच जुन्या ओळखीने माठाशेजारच्या फोनला जाऊन मिळाले होते. दाराची बेल वाजवायची वेळच आली नाही.

चार दिवसांनी आम्ही सगळे त्यांना बडनेऱ्याला पोचवायला गेलो. व्याह्यांनी कागदी पिशवीतून चुनाळू काढलं, कापडी कड्यासकट. गाडी उभी होती. ते खिडकीपासून चार पावलं मागे गेले आणि कडं धरून हात लांब करून चालत आले, मिनूने खिडकीतून हात काढून ते दंडात अडकवून घेतलं. तिला आवडलं म्हणून तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते परत मागितलं नाही.

गाडी गेल्यावर माझी अकोल्याची गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. त्या दिवशी त्यांचा फोन खिशात होता, कित्येक महिन्यांनी. मी म्हटलं, "टोकन तिच्यापाशी गेलं, आता घरी लाइन कोनाले देता?"

"कोनालेच नाई. थे वापस येईलोक लाइन तिचीच."

माझी गाडी लागली. पिशवी त्यांनीच वर चढवून दिली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहत, जणू ते माझ्याशी बोलतच नाहीत अशा आवाजात म्हणाले, "पोचल्यावर फोन करा."

मी अकोल्याला उतरल्या उतरल्या फलाटावरूनच लावला. त्यांनी एक रिंगही पुरी होऊ दिली नाही, उचलला.