तोंडातलं पान

बनारसमधल्या मैदागिनच्या त्या मोटार-मिस्त्रीच्या तोंडात कायम पान असे, आणि मोटार घेऊन येणाऱ्यांचं लक्ष इंजिनापेक्षा त्या पानावरच जास्त. बिघाड किरकोळ असला, की तो मान वर करून, पिंक सांभाळत बोले, "कचरा है, साफ हो जाएगा." दुखणं मोठं असलं, की उठून नालीपाशी जाई, पान थुंकून टाकी आणि मगच निदान सांगे. तो नालीकडे वळला, की गोऱ्या साहेबाचाही चेहरा उतरे.

त्याआधी सोहळा चाले. धूर काळा की निळा ते बघायचं, मग चालू इंजिनाच्या प्लगची एकेक तार काढायची. जी काढूनही आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर कामचोर. त्याला दोन अस्सल बनारसी शिव्या.

आमच्या वकील काकांची जुनी मोटार त्याच्याकडेच असे. ती दुरुस्त झाल्याचं सांगायला तो एकदा दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या घरी आला. काका बरेच दिवस खोकत होते. "हमारा भी इंजिन देख लो, मिस्त्री," म्हणत त्यांनी पाठ पुढे केली. त्यानं हसत हसत कान लावला. मग त्याचं हसू थांबलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. नाली दारातच होती.

तो जागचा हलला नाही. त्यानं पान गिळलं, तंबाखूसकट. डोळ्यांत पाणी आलं.

"कचरा है, वकीलसाहब," तो म्हणाला. "साफ हो जाएगा."

काकू खुशीत चहा ठेवायला उठली.