उजव्या अंगाने घासलेला टायर

पुढचा टायर टाकून आठ महिनेही झाले नव्हते. आंधळगावच्या पंक्चरवाल्याने चाक फिरवून पाहिलं, टायरच्या उजव्या अंगावरून अंगठा ओढला आणि मला म्हणाला, ‘‘म्याडम, इकडून हा टकला झाला. तिकडून अजून नवाच हाय.’’

गाडी बाबांची. मी शाळेत शिकवते, माझी वेगळी स्कूटी आहे. त्या रविवारी बाजारापुरती त्यांची मोटारसायकल घेऊन निघाले होते.

‘‘चालवते कोण?’’ त्याने विचारलं.

‘‘बाबा.’’

त्याने अंगठा पुसला आणि तो पंक्चर काढायला बसला. बाबांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडी गेली, आणि तीही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, स्वतःहून.

घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, ‘‘टायरच खराब निंगाला.’’ दुसऱ्या दिवशी ते गाडी मोहाडीच्या मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने शॉकअप पाहिले, हँडलचा कोनसेट पाहिला, दोन्ही चाकांना दोरी लावून ती एका ओळीत आहेत का तेही पाहिलं. काही सापडलं नाही. शेवटी तो टायरकडे बघत म्हणाला, ‘‘गाडी तं सरळ हाय, काकाजी.’’

पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण बाबांना ते ऐकू आलं. त्यांनी नवा टायर टाकून घेतला आणि पुन्हा त्या दुकानात जायचं नाही असं ठरवलं.

उजवीकडे वजन नको म्हणून उजव्या हँडलला अडकवायची थैली ते डाव्या हँडलला अडकवू लागले. तीन महिन्यांनी मी वाकून पाहिलं. नवा टायरही उजवीकडूनच झिजू लागला होता.

मग माझी स्कूटी बिघडली. बाबा म्हणाले, ‘‘चाल, मी सोडून देतो शाळेत.’’ बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या मागे बसले. पूर्वी बस रस्त्याच्या मधोमध चालवणारा हा माणूस डांबराच्या अगदी डाव्या काठाने चालला होता. तिथे रस्ता उतरता असतो. उतारावर गाडी उभी धरून चालवली की टायरचं उजवं अंगच जास्त टेकतं. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. त्यांच्या खांद्यावरून चाकाकडे पाहता पाहता कळलं.

‘‘बाबा, थोडं मधातून घ्या ना.’’

‘‘मधात कायले? इकडून बरं हाय.’’

समोरून ट्रक आला की ते डांबर सोडून मुरमावर उतरत. उजवीकडे हॉर्न वाजला की डोळे न वळवता अख्खी मान वळवत. विहाराजवळ उजव्या बाजूला त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे काका, हात वर करून उभे होते. मी हात केला. बाबा तसेच पुढे गेले.

संध्याकाळी काकांचा फोन आला. ‘‘दादा रिटायर झाला तं भाऊ दिसेनासा झाला काय?’’

तो टोमणा तंतोतंत खरा होता.

सकाळी चहा झाल्यावर मी बाबांना म्हटलं, ‘‘डावा डोळा झाका आणि कॅलेंडर वाचा.’’

‘‘कायले वाचू? आज बुधवार हाय, मले मालूम हाय.’’

‘‘तरी झाका.’’

त्यांनी झाकला.

‘‘काय दिसते?’’

‘‘भीत दिसते.’’

‘‘भिंतीवर काय आहे?’’

‘‘भितीवर जे रायते ते.’’

मी समोर बसून राहिले. त्यांनी डोळ्यावरचा हात काढला, रिकामा कप जवळ ओढला, पुन्हा दूर सारला. मग सांगू लागले. त्यांच्या सोबतच्या एका ड्रायव्हरची नजर तपासणीत कमी निघाली होती. त्याला स्टेअरिंगवरून काढून डेपोच्या गेटवर बसवलं. ‘‘येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यायचे नंबर लिवत होता दिवसभर. ज्याले दिसत नाई त्यालेच नंबर लिवाले बसवलं.’’ आम्ही दोघंही हसलो नाही.

‘‘मला सांगायचं नाही का?’’ मी विचारलं.

‘‘तू गाडी बंद केली असती.’’

‘‘केलीच असती.’’

‘‘मंग?’’ ते म्हणाले.

मला राग आला होता. त्या डोळ्याने ते माझ्या भाचीला मागे बसवून जत्रेला नेऊन आले होते, हे आठवलं. गाडीची चावी मी माझ्या पर्समध्ये टाकली. त्यांनी ते पाहिलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. ‘‘कधीपासून दिसत नाही?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दिसत होतं. धुकं होतं.’’

‘‘किती दिवस धुकं?’’

‘‘दोन हिवाळे,’’ बाबा म्हणाले. ‘‘आन मधातला उनाळा.’’

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर गाडी बंद. त्या महिन्यात बाबांना कुठे जायचं असलं की त्यांचीच गाडी मी चालवायचे आणि ते काळा चष्मा लावून मागे बसायचे. गतिरोधक आला की माझ्या आधी ते सांगत. खड्डा आला की खड्डा सांगत. एकदा तर म्हणाले, ‘‘त्या उजव्या बाजूच्या बोर्डावर काय खराब अक्षर हाय.’’ बोर्ड दहा वर्षांपासून तिथेच होता.

महिना संपला तेव्हा मी चावी काढून दिली. पहिल्या दिवशी मी स्कूटीवरून मागोमाग निघाले. कोपऱ्यावर ते थांबले. ‘‘काहून मागं येऊन राहिली व? पुढं हो.’’ मी पुढे झाले. आरशात ते डांबराच्या आत, चांगले हातभर आत चालले होते. काकांच्या घरी ते आपणहून गेले, दोन तास बसले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही.

आता डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालं आहे. त्या ऑपरेशनची तारीख बाबा एकटेच जाऊन घेऊन आले. मला कळलं ते त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठीवरून. विचारलं तर म्हणाले, ‘‘सांगणारच होतो.’’

कधी, ते मी विचारलं नाही. मी शाळेत त्या तारखेच्या रजेचा अर्ज दिला.