खंडेनवमीची खुंटी

डावा हात पाठीमागे ठेवून, उजव्या हाताच्या मागच्या बाजूनं वस्तूला हळूच शिवून बघणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? पाहिला असेल तर तो जुन्या वळणाचा वायरमन असणार. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेरा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी मैत्रिणीला म्हटलं, "बघ, यांची कंबर धरली आहे."

त्यांनी ऐकलं. मान न वळवता म्हणाले, "कंबर नाही, तंगी. एक हात कंपनीचा, एक हात घरचा. घरचा हात कामाला लावायचा नसतो."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आम्ही सगळ्याच त्यांच्या तंग्या होतो आणि ते आमचे अण्णा. त्यांचं खरं नाव कंपनीच्या रजिस्टरात कुठंतरी असेल, पण मी ते कधी विचारलं नाही. स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहायच्या नादात दुसऱ्याचं विचारायला मला सवड नव्हती.

धारवाडला आमची मुलींची शाळा होती. कुणा इंग्रज शास्त्रज्ञानं तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवून वीज काढली, त्याला त्या साली शंभर वर्षं होत होती. आमच्या मोठ्या बाईंनी मनावर घेतलं की मुलांच्या शाळा गप्प बसल्या तरी आपण सोहळा करायचाच. गावातल्या बहुतेक घरांत तेव्हा कंदीलच होते. मुली आणि वीज हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून माझी आजी तीन दिवस वडिलांशी बोलली नाही. वडील वकील होते, त्यांनी कशीबशी बाजू लढवून मला परवानगी मिळवून दिली. बाकीच्या मुलींच्या घरीही थोड्याफार फरकानं हेच झालं होतं. म्हणजे आम्ही सगळ्या तिथे होतो त्या उधारीच्या परवानगीवर.

सभागृहात टेबलं मांडली होती. पहिल्यावर तृणमणी, म्हणजे जुन्या राळेचा पिवळा मणी, तो रेशमावर घासला की कागदाचे कपटे उचलायचा. रेशीम म्हणजे मोठ्या बाईंच्या ठेवणीतल्या पातळाचा पदर. पुढे तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्यांची चळत, मग तारायंत्राची टकटक करणारी किल्ली. शेवटी माझं टेबल, तारेचं वेटोळं आणि चुंबक. मी पाठ केलेलं भाषण 'हे विद्युद्देवते' असं सुरू व्हायचं आणि कधी संपायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. अण्णा एकदा ते पूर्ण ऐकून म्हणाले, "छान आहे की. पण वीज कुठं आली त्यात?"

व्यासपीठावर लाकडी चौकटीत शंभराचा आकडा केला होता, एक आणि दोन शून्यं, मोजून शंभर दिव्यांची. ते लावायला सागवानी फळ्यावर पितळी पात्यांचा मोठा खटका होता. दांडी लाकडाची, बाकी सगळं पितळ उघडं. तेव्हा तसेच असत. खालच्या शहाबादी फरशीवर अण्णांनी एक जाड, कोरडी फळी टाकली होती. खटका ओढणाऱ्यानं तिच्यावर उभं राहायचं. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, सगळ्या विजेचा आणखी एक खटका होता. तो पाडला की आत कुठंच वीज राहत नसे. हे दोन खटके लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

अण्णा सहा वर्षं वीज कंपनीत तात्पुरते होते. कायम झालेल्या फिटरला कोटावर लावायला पितळी बिल्ला मिळे. अण्णांनी कोटाच्या खिशावर बिल्ल्यापुरती जागा कापड दुमडून आधीच शिवून ठेवली होती. आम्ही चिडवायचो, "अण्णा, जागा झाली, बिल्ला कधी?" तर म्हणायचे, "बसायला पाट मांडला की पाहुणा येतो."

आणि पाहुणा यायच्या बेतात होता. कंपनीचे इंजिनिअरसाहेब आदल्या दिवशी येऊन गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की उद्या हे शंभर नीट लागले तर सोमवारपासून तू कायम. नाही लागले तर कंपनीला तात्पुरताही नको. अण्णांनी डावा हात पाठीवर ठेवूनच मान लववली. साहेब गेल्यावर त्यांनी फळ्यावरचा एकेक स्क्रू पुन्हा आवळला. त्या दिवशी ते कुणाशी थट्टेनं बोलले नाहीत.

सोहळ्याचा दिवस खंडेनवमीचा होता. दुपारी अण्णांनी दारातला खटका पाडून ठेवला, व्यासपीठावरच्या फळ्यावर पडदा सोडला आणि मला बजावलं, "मी खांबापर्यंत तार बघून येतो. याला कुणाला शिवू देऊ नको."

मी 'कुणाला' या शब्दाचा अर्थ 'माझ्याखेरीज कुणाला' असा लावला.

आता तुम्हीच सांगा. आमच्या घरी सकाळपासून वडिलांची कायद्याची पुस्तकं, दौत-टाक, आजीचा अडकित्ता, विळी, सगळ्यांची पूजा झालेली. बाजारात तागड्यांना, टांग्याच्या चाकांना, शिंप्याच्या यंत्राला झेंडू. आणि ज्या यंत्राचा एवढा सोहळा, ते तेवढं बोडकं? मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे वाटलं की पडदा सरकेल तेव्हा सगळे विचारतील, इतकी सुंदर पूजा केली कुणी?

मी पडद्याआड गेले. तांब्यातल्या पाण्यात फूल बुडवून फळ्यावर चांगलं शिंपडलं. हळदकुंकू कालवून पात्यांना, दांडीला बोटं ओढली. बादलीत भिजत ठेवलेली झेंडूची माळ तशीच ओली उचलून दांडीपासून पितळेपर्यंत गुंडाळली. खालची फळी विद्रूप दिसत होती, ती भिंतीला उभी केली, फरशी पुसली आणि ओल्यावरच रांगोळीचं कमळ काढलं. कमळ फार छान आलं होतं. अजून आठवतं. लाज वाटते ती त्याचीच.

दारातला खटका त्या वेळी पडलेला होता म्हणून मी वाचले. नाहीतर विद्युद्देवतेनं माझं भाषण तिथेच आटोपलं असतं.

तिन्हीसांजेला लोक जमले. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. दिवे लावायचा मान एका जहागीरदारांच्या आईसाहेबांचा होता. सत्तरीच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत सोन्याचे गोठ. अण्णा खांबावरून परतले तोवर बायका व्यासपीठाजवळ बसल्या होत्या, म्हणून त्यांना तिकडे जायला मनाई होती. ते दारातच थांबले. तिथूनच त्यांनी वीज सोडली आणि व्यासपीठावरचा एकुलता दिवा लागला. सगळे "अहा" म्हणाले. इंजिनिअरसाहेब पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते.

मोठ्या बाईंनी पडदा सरकवला. बायकांच्या बाजूनं जी कुजबुज उठली तिची मी दुपारपासून वाट बघत होते. मी मान उंच करून सभागृहभर नजर फिरवली आणि ती दारात अण्णांवर जाऊन थांबली.

त्यांचा डावा हात पाठीवरून निघाला होता.

तो नुसता अंगाशी लोंबत होता, पण मी तो हात असा कधीच पाहिला नव्हता. अण्णा फळ्याकडे बघत होते. मग खाली, जिथं फळी असायला हवी होती तिथं. मग माझ्याकडे. मला एकदम आठवलं, त्यांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं: ओलं आणि वीज, दीर-भावजय. एका घरात असले तरी शिवायचं नाही.

मला ओरडता आलं असतं. घसा कोरडा पडला म्हणायला हरकत नाही, पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की मी ओरडले तर पूजा चुकली हे सगळ्यांना कळलं असतं. बघा, एका म्हातारीच्या जिवावर बेतलं होतं आणि मला माझ्या कमळाची पडली होती.

आईसाहेब उठल्या. खटक्याला कुंकू बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगबाई, पूजा केली का?" म्हणत त्यांनी पायातल्या चपला काढल्या. अनवाणी पायांनी माझ्या ओल्या कमळावर उभ्या राहिल्या. खटक्याला वाकून नमस्कार केला. गोठ मागे सारले. हात पुढे झाला. माळेतून पाण्याचा एक थेंब पितळेवरून ओघळलेला मला दिसला. तो पडेपर्यंत गेला तेवढा लांब वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी मोजला नाही.

आणि व्यासपीठावरचा दिवा गेला. दारातून खट्ट असा आवाज आला होता.

आईसाहेबांनी दांडी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. शंभराच्या शंभर काचा काळ्याच राहिल्या. मुलांच्या शाळेतला एक मास्तर मोठ्यानं हसला.

इंजिनिअरसाहेब ताडकन उठले. कंदील आणले गेले. अण्णा पुढे आले, तेव्हा हात पुन्हा पाठीवर होता. साहेबांनी विचारलं, खटका तू पाडलास?

"होय साहेब."

"का?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

"जोड ढिला राहिला होता. माझी चूक."

आईसाहेब म्हणाल्या की नवमीच्या दिवशी दिवा जाणं काही बरं नाही, आणि निघाल्या. त्यांच्यामागे साहेब, साहेबांमागे मानाची मंडळी. सभागृह रिकामं झालं. उरलो मोठ्या बाई, आम्ही दहाबारा मुली आणि अण्णा.

अण्णा फळ्याकडे गेले. माळ काढली आणि फेकून न देता खिडकीत ठेवली. डोक्याचा रुमाल सोडून फळा पुसला, पात्यांच्या फटी पुसल्या, मग फरशी. फळी खाली ठेवली. मी रडत म्हटलं, "अण्णा, मी बाईंना सांगते. साहेबांना पण सांगते, मी केलं म्हणून."

ते पितळ पुन्हा पुसू लागले. "काय सांगशील? मुलीनं केलं म्हणून? मग उद्यापासून इथं विजेजवळ एका मुलीला उभं करतील का ते?" रुमाल पिळून म्हणाले, "मी ओरडलो असतो, पण घाबरला हात मूठ वळतो. मूठ वळली की सुटत नाही."

त्यांनी दारातून वीज सोडली. परत येऊन मला फळीवर उभं केलं. "ओढ."

मी दोन्ही हात पुढे केले.

"ओंदे कै, तंगी. एकच. दुसरा घरचा."

मी डावा हात पाठीवर ठेवला आणि दांडी ओढली. एक आणि दोन शून्यं लख्ख उजळली. दहाबारा मुलींनी आणि एका बाईंनी तो सोहळा पाहिला. अण्णांनी सोहळा बघितला नाही. ते मान वर करून एकेक दिवा मोजत होते. शंभर भरल्यावर म्हणाले, "लागले."

सोमवारी ते शाळेत आले ते तारा उतरवायला. कंपनीनं दिलेलं तेवढं शेवटचं काम. कोटावरची दुमडलेली जागा तशीच होती. काम झाल्यावर त्यांनी एक लाकडी खुंटी काढली आणि फळ्यापासून दीड हात लांब भिंतीत ठोकली. मी विचारलं, ही कशाला?

"पूजा करू नको म्हटलं तर तुम्ही ऐकणार आहात होय? करा. इथं करा." खिडकीतली माळ आता वाळली होती. ती त्यांनी खुंटीला अडकवली. त्यानंतर कुणी म्हणालं ते गदगला एका कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत, कुणी म्हणालं त्याही पलीकडे गेले. मी मॅट्रिक झाले, लग्न झालं, पत्र लिहीन म्हणत राहिले. नावच माहीत नव्हतं. पाकिटावर काय लिहिणार, अण्णा?

आईसाहेब पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. 'त्या अपशकुनी फिटरनं' दिवा कसा घालवला ते शेवटपर्यंत सांगत. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला ते मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

मागं नातीला घेऊन शाळेत गेले होते, तेव्हा नेमकी खंडेनवमी. जुना फळा कधीच गेला, त्या जागी पत्र्याची पेटी आहे. पेटीला कुणी शिवलेलंही नव्हतं. दीड हातावर ती खुंटी मात्र हळदकुंकवानं इतकी माखलेली की लाकूड दिसत नव्हतं. तिला झेंडूची ताजी माळ होती, अजून पाणी निथळत होतं. तिथल्या मुलीला मी विचारलं, पूजा खुंटीची का करता गं?

"माहीत नाही आज्जी. इथं अशीच करतात."

मी पुढे झाले, डावा हात पाठीवर ठेवला आणि कुंकू लावलं. मुली एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. एक हळूच म्हणाली, "म्हातारीची कंबर धरली आहे."