दुसऱ्याच्या नावाचं मशीन

पडघ्याहून येणाऱ्या आमच्या सीनियर ताईंमुळे मी आज वरच्या ऑफिसात बसतो, हे आधी सांगतो.

नववीत शाळा सोडून मी चंद्रपूरकडून भिवंडीला आलो. पूर्णा गावच्या एका गोदामात खोकी स्कॅन करायचो. मोबाइलवर बघून थोडं कोडिंग शिकलो, म्हणून वर, प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या ऑफिसात, महिनाभर बसवून बघायचं ठरलं. जमलं नाही तर परत खाली.

गोदामाचा प्रोग्राम सगळ्यांच्या मशीनवर चालायचा, माझ्या मशीनवर नाही. विचारायची भीती, विचारलं की शिक्षणाचा विषय निघणार. शोधता शोधता सापडलं, आत शेजारच्या सहकाऱ्याच्या फोल्डरचा पत्ता होता, त्याच्या नावासकट. बाकीचे तो आपापल्या मशीनवर हाताने बदलून घ्यायचे. मला कुठलं माहीत? मी सरळ माझ्या मशीनवर त्याच्याच नावाचं खातं उघडलं. चाललं! पण मग रोज सकाळी स्क्रीनवर त्याचं नाव यायचं. खोलीवरचे सगळे लूमवर रात्रपाळीला. मी पोचेपर्यंत ते गेलेले. माझं नाव घेणारं तसंही कुणी नव्हतं.

एका दुपारी ताई मागे येऊन थांबल्या, स्क्रीनवरचं नाव वाचलं.

"हे त्याचं मशीन हाय का?"

"नाही ताई, माझंच."

शेजारचा वाकून बघून हसला. "अरे भाई, नाव घेतलंस, आता माझी ड्युटीपण कर!"

ताई मात्र त्यालाच म्हणाल्या, "हसतोस काय? आपण प्रोग्राममध्ये एकाच माणसाचं घर लिहून ठेवलंय. नवीन आलेल्यानं राहायचं कुठं?"

खुर्ची ओढून त्यांनी एक फाइल करायला घेतली. कुठली आवृत्ती, कुठला डेटाबेस, काय काय लागतं, सगळं त्या फाइलमध्ये एका जागी. मशीन ते वाचून स्वतःच तयार होणार, आणि नाव बसणाऱ्याचं घेणार. त्या सांगत होत्या, टाइप मी करत होतो. मग ते खातं पुसायला लावलं.

"आता तुझ्या नावानं चालव."

चाललं. महिना संपला, मला कुणी खाली पाठवलं नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "जेवलास का?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं सांगायला.

ताईंनी माझं शिक्षण आजवर विचारलेलं नाही. त्या कधी दुसरीकडे नव्यानं लागल्या, तर पहिल्या दिवशी मी तिथं जाईन, त्यांचं मशीन लावून देईन. त्यांच्या नावानं चालू होईपर्यंत उठणार नाही.